महालक्ष्म्यांचे जेवण : दुपारी शिजलेला भात आणि रात्रीची शेवटची पंगत

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि जेवणाच्या दिवशी ऐंशीच्या आसपास पाने होतात. सासूबाईंच्या गुडघेदुखीमुळे दोन वर्षांपासून स्वयंपाकाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गेल्या वर्षी जेवून गेलेल्यांपैकी नऊ जणांना त्याच रात्री उलट्या झाल्या. ताप कोणालाच नव्हता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले. बासुंदी आदल्या दिवशी आटवून फ्रिजमध्ये ठेवली होती. बाकीचा सोवळ्यातला स्वयंपाक दुपारी एकपर्यंत उरकला होता. सहा किलो तांदळाचा भात एकाच गंजात करून, वर ओले फडके घालून झाकून ठेवला होता. ऑफिसातली मंडळी येईपर्यंत थांबायचे म्हणून नैवेद्य-आरती संध्याकाळी सातला झाली आणि पंगती साडेआठ ते अकरा चालल्या. आजारी पडलेले बहुतेक शेवटच्या पंगतीतले होते. सगळ्यांनी बासुंदीवर खापर फोडले. पण मुलांनी भाताला हात न लावता पुरणपोळी आणि बासुंदीच खाल्ली, आणि त्यांना काहीही झाले नाही. सासूबाई म्हणतात, “चाळीस वर्षे असेच करते आहे, कधी कोणाला काही झाले नाही.” यंदा नणंद गरोदर आहे, सासरे ७८ वर्षांचे आणि मधुमेही आहेत. नेमके काय बदलू? उरलेले डब्यात बांधून द्यावे का? आणि सासूबाईंना हे कसे सांगू? शिवाय पुढे नवरात्र आहे, तेव्हा भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्याबद्दलही लिहावे.
— एक सून, अमरावती

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्र इतके नीट लिहिले आहे की अर्धे उत्तर त्यातच आले आहे. उलट्या त्याच रात्री सुरू झाल्या, ताप आला नाही, दिवसभरात सगळे सावरले, बासुंदी खाणारी मुले ठणठणीत राहिली आणि त्रास झाला तो मुख्यतः शेवटच्या पंगतीला. विषबाधेचा तपास करणारे डॉक्टर नेमके हेच प्रश्न विचारतात : कोण जेवले, कधी जेवले, काय खाल्ले आणि काय खाल्ले नाही. या उत्तरांवरून संशय बासुंदीवरून उठून भातावर जातो. अन्नाचा नमुना तपासल्याशिवाय ठाम निदान करता येत नाही, हे खरे. पण दुपारी एक वाजता शिजून रात्री अकरा वाजता वाढला गेलेला भात समोर असताना दुसरा आरोपी शोधत बसण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

भाताला निरुपद्रवी समजण्याची आपल्याला सवय आहे. पथ्याला भात, आजाऱ्याला भात, बाळाच्या उष्टावणालाही भातच. मात्र शेतातल्या मातीत राहणारा ‘बॅसिलस सिरियस’ नावाचा जिवाणू तांदळाबरोबर घरात येतो आणि तो बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचाच्या सुप्त रूपात असेल तर भात शिजताना मरत नाही. पाणी उकळते, दाणा फुलतो, बाकीचे जंतू नष्ट होतात आणि हे बीजाणू तसेच तग धरून राहतात. भात कडकडीत गरम असेपर्यंत त्यांना काही करता येत नाही, फ्रिजच्या गारठ्यातही त्यांची वाढ अगदी मंदावते. परंतु भात कोमट झाला की ते रुजतात, भराभर वाढतात आणि वाढता वाढता एक विष तयार करतात. हे विष पोटात गेल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात आणि बहुधा एका दिवसात थांबतात. तुमच्याकडे घडले ते याच चौकटीत बसते.

सहा किलो तांदळाचा भात एका गंजात असला की त्याचा मधला भाग निवायला कित्येक तास लागतात, हे तुम्हीही पाहिले असेल. वरचा थर गार पडलेला असतो आणि झारा खोल घातला की आतून उबारा येतो. आपण त्यावर समाधान मानतो, की भात अजून गरम आहे. प्रत्यक्षात तो गरम नसतो, कोमट असतो, आणि कोमट हीच सर्वांत वाईट अवस्था. ओल्या फडक्याने वरचे दाणे सुकत नाहीत एवढेच. जंतूंना हवा असलेला ओलावा मात्र टिकून राहतो. पहिल्या पंगतीला वरचा भात गेला असेल आणि तळाचा, सर्वाधिक वेळ उबेत राहिलेला, शेवटच्या पंगतीच्या वाट्याला आला असेल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तुम्ही यंदा काळजीपोटी नेमके तेच कराल अशी मला शंका आहे. भात रात्री पुन्हा वाफवला, कुकरला लावला किंवा फोडणी देऊन खळखळून गरम केला, तर जंतू मरतील. पण त्यांनी आधीच तयार केलेले हे विष जाणार नाही. १२१ अंश सेल्सियसला दीड तास तापवूनही ते टिकते, आणि घरातल्या कुकरमधले तापमान साधारण त्याच्या आसपासच असते. वासावरही भिस्त ठेवू नका. भात आंबलेला नव्हता, चिकट झाला नव्हता, चवीला चांगला होता, हे सगळे खरे असूनही तो बाधू शकतो. पुन्हा गरम करणे हा व्यवस्थित साठवलेल्या अन्नाचा शेवटचा टप्पा आहे. दहा तास ओट्यावर राहिलेल्या अन्नाची ती दुरुस्ती होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली घरगुती स्वयंपाकासाठी पाच सूत्रे जाहीर केली. त्यांतले तुमच्या कामाचे सूत्र असे, की शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवावे किंवा ५ अंशांच्या खाली थंड, आणि या दोहोंच्या मधल्या तापमानात ते दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये. भाद्रपदात पाऊस उघडला की आपल्याकडे दुपारी पारा तिशीच्या वर जातो. अशा दिवशी, त्यात तीन शेगड्या पेटलेल्या स्वयंपाकघरात, दोन तासांऐवजी एकच तास धरावा. साठ अंशांचे अन्न कसे ओळखावे, असे विचाराल तर काही शे रुपयांत सळईचा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा. तोपर्यंत एवढे लक्षात ठेवा, की झाकण काढल्यावर भरपूर वाफ आली पाहिजे आणि घास तोंडात घालण्याआधी फुंकर मारावी लागली पाहिजे.

तेव्हा तुम्ही पदार्थ बदलू नका, त्यांची वेळ बदला. आजवर तुमचा आराखडा सकाळपासून पुढे जात असेल : पहाटे अंघोळ, मग पुरण, मग भाज्या, मग भात. यंदा तो पंगतीपासून मागे आखा. साडेआठला पहिले पान वाढायचे आहे, तर त्या पंगतीचा भात आठला तयार व्हावा, म्हणजे साडेसातच्या सुमारास चढावा. सहा किलो तांदूळ एकदम न शिजवता दोन-दोन किलोंचे तीन भाग करा, धुऊन निथळून ठेवा आणि प्रत्येक पंगत बसण्याच्या तासभर आधी एकेक भाग शिजवा. तुमची खरी अडचण सोवळ्याची असणार, कारण संध्याकाळी सोवळ्यात थांबणारे कोणी नसते. त्यासाठी नैवेद्यापुरता भात वेगळ्या लहान पातेल्यात सोवळ्यात करून घ्यावा. नैवेद्य झाल्यावर पंगतींचा भात सोवळ्यातच हवा असा आग्रह बहुतेक घरांत राहत नाही. तो घरातले कोणीही, अगदी ऑफिसातून आलेले दीर सुद्धा, शेगडीवर चढवू शकतात.

आधी काय करून ठेवता येते याचा धडा महालक्ष्म्यांच्या मखरातच टांगलेला असतो. फुलोऱ्याच्या करंज्या, पापड्या, वेण्या-फण्या चार दिवस आधी तळल्या तरी बिघडत नाहीत, कारण त्यांत पाणीच उरलेले नसते आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. लाडू, चिवडा, कुरडया त्याच वर्गातले. पुरणपोळीही सकाळी करून दिवसभर ठेवायला हरकत नाही, मात्र पुरण चांगले आटलेले, उलथणे उभे राहील असे घट्ट असावे. पुरण आदल्या रात्री वाटायचे असेल तर ते परातीत पसरून निववावे आणि पसरट डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवावे. पुरणाचा कट हा त्याहून नाजूक प्रकार आहे. डाळीचे ते पिठूळ पाणी आदल्या रात्री पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत दिसते. ती सोडून द्या. डाळ सकाळीच शिजवा, नाहीतर कट गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि आमटी करताना भरपूर उकळा. सोळा भाज्या आदल्या दिवशी निवडल्या तर चालते. त्यांत पालेभाज्या आणि कंद असतात, त्यांना माती असते आणि त्या मातीतच हे बीजाणू असतात. म्हणून चिरण्यापूर्वी तीन-चार पाण्यांतून धुवाव्यात आणि चिरलेली भाजी कोरडी करून थंड जागी ठेवावी. वड्यांची डाळ रात्री भिजत घालायला हरकत नाही, पण वाटलेले पीठ बाहेर ठेवून संध्याकाळपर्यंत पुरवू नये.

कढी, आमटी आणि भाजी यांसाठी एक शेगडी मोकळी ठेवावी लागेल. रुंद गंजात पाणी उकळत ठेवून त्यात ही पातेली उभी करावीत, म्हणजे खाली लागत नाही, कढी फुटत नाही आणि अन्न गरम राहते. कॅसरोलसारख्या डब्यांवर फार विसंबू नका. आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतलेला डबा तास-दीड तास काम देतो, पुढे तोच कोमट अन्नाचे घर होतो. नारळाची किंवा दह्यातली चटणी सगळ्यांत शेवटी वाटावी. काकडी, गाजर, मुळा किसून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दही-मीठ पान वाढण्याच्या आधी घालावे. पाच कोशिंबिरी दुपारी कालवून ठेवण्यात शोभा असली तरी शहाणपण नाही.

आता बासुंदी. गेल्या वर्षी ती बहुधा निर्दोष होती, परंतु दूध आटवलेले पदार्थ हे दुसऱ्या एका जंतूचे, ‘स्टॅफिलोकोकस’चे, आवडते ठिकाण आहे आणि त्याचेही विष उकळून जात नाही. हा जंतू आपल्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या फोडात आणि नखुरड्यात राहतो. बासुंदी आटवल्यानंतर निवताना, ढवळताना, सुकामेवा घालताना हातांतून तो तिच्यात उतरतो. म्हणून ती आटवून झाल्यावर कोरड्या, स्वच्छ डावाखेरीज काहीही आत जाऊ नये, आणि ती लवकर निवली पाहिजे. दहा लिटरचे पातेले ओट्यावर ठेवून ‘गार झाले की फ्रिजमध्ये टाकू’ म्हटले, तर मध्यरात्र होते. बासुंदी दोन इंच खोलीच्या पसरट भांड्यांत ओतावी, ती भांडी बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावीत, अधूनमधून ढवळावी आणि हाताला गार लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. कढत पातेले तसेच आत ढकलले तर फ्रिजच गरम होतो आणि शेजारचे दही, चिरलेली भाजी, सगळेच अडचणीत येते.

घरगुती फ्रिज ऐंशी पानांसाठी बनवलेला नसतो, ही गोष्ट बेत ठरवताना कोणी लक्षात घेत नाही. जेवणाच्या चार दिवस आधी तो रिकामा करून पाहा, त्यात नेमकी किती भांडी मावतात ते मोजा आणि त्यावरून ठरवा, की बासुंदी, दही, पुरण आणि कोशिंबिरीचे साहित्य यांपैकी काय आदल्या दिवशी करायचे. जागा पुरत नसेल तर शेजारणीचा फ्रिज मागून घ्या किंवा बासुंदीऐवजी त्याच संध्याकाळी होणारी शेवयांची खीर करा. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या लादीचे तुकडे भरून त्यात डबे ठेवता येतात. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक आहे. असा बर्फ भांड्यांच्या बाहेरून गारवा द्यायला वापरावा, त्याचा तुकडाही मठ्ठ्यात पडू देऊ नये.

हातांबद्दल मी थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सोवळ्यात अंघोळ होते, धुतलेले वस्त्र नेसले जाते, बाहेरचा स्पर्श टळतो, हे सगळे स्वच्छतेला पोषकच आहे. पण पहाटेची अंघोळ दुपारी बारापर्यंत पुरत नाही. घाम पुसला, नाकाला हात गेला, मुलाला उचलले, नारळ सोलला आणि तेच हात पदराला पुसून पुन्हा पुरणात गेले, तर सोवळे मोडत नाही, हात मात्र अस्वच्छ होतात. मोरीपाशी साबणाची वडी आणि दर तासाला बदलता येतील असे पाच-सहा धुतलेले पंचे ठेवा. ज्यांच्या हाताला चिरले आहे, फोड आला आहे किंवा ज्यांना गेल्या दोन दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या आहेत, त्यांना फुले, रांगोळी, हळदीकुंकू यांकडे वळवा. वाढप्यांनाही हे सांगा, कारण भाताची मूद हाताने पाडण्याची आणि पोळी हाताने वाढण्याची हौस त्यांनाच अधिक असते. वडे तळून वर्तमानपत्रावर काढू नयेत. छपाईच्या शाईतले घटक तेलात उतरतात म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२३ मध्ये तशी स्पष्ट सूचना दिली आहे. जाळीचे ताट पुरते.

पाणी टँकरचे किंवा बोअरचे असेल तर पिण्याचे पाणी खळखळून उकळून घ्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पितळेचे जुने पातेले वापरायला काढणार असाल तर आधी कल्हई पाहा. कल्हई गेलेल्या पितळेत चिंचेचे पंचामृत, कढी किंवा आमसुलाचे सार ठेवले तर तांबे अन्नात उतरते आणि त्यानेही मळमळ व उलट्या होतात.

नणंदबाई आणि सासरे यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. त्यांना पहिल्या पंगतीला बसवा आणि शिजलेले पदार्थ वाफाळते वाढा. गरोदरपणात कच्चे दूध टाळावे. तीर्थाच्या पंचामृतात कच्चे दूध घालण्याची रीत अनेक घरांत आहे, तिथे उकळून गार केलेले दूध घाला. पूजेला त्याने बाध येत नाही. गरोदर स्त्रीने फ्रिजमधल्या शिळ्या अन्नापासूनही जपावे, कारण ‘लिस्टेरिया’ हा तिला आणि बाळाला घातक ठरणारा जंतू फ्रिजच्या गारठ्यातही वाढू शकतो. आणि पाहुण्यांमध्ये एक वर्षाच्या आतले बाळ असेल तर आजीने कितीही मायेने बोट चाटवायला नेले तरी मध असलेले तीर्थ त्याला देऊ नका. मधातल्या बीजाणूंमुळे इतक्या लहान बाळांना ‘बॉट्युलिझम’ हा गंभीर आजार होऊ शकतो.

डब्यांबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. अकरा वाजता पाहुण्याच्या हातात ठेवलेला भात त्याच्या घरी पोहोचून सकाळी फोडणीला पडेपर्यंत आठ-नऊ तास होतात, आणि तेवढ्या अवधीत त्याचे काय झाले हे आपल्याला कळत नाही. त्यामुळे प्रसाद म्हणून पुरणपोळ्या, वडे, फुलोऱ्यातल्या करंज्या, लाडू द्यावेत. भात, कढी, आमटी, भाजी, कोशिंबीर आणि बासुंदी बांधून देऊ नये. नाही म्हणणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे, म्हणून कोरड्या पदार्थांच्या पिशव्या संध्याकाळीच भरून ठेवा, म्हणजे पातेल्यांकडे कोणी वळणार नाही. तुमच्या घरी उरलेला भात शेवटची पंगत उठताच परातीत पसरा, निवताच फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीच एकदा चांगला गरम करून संपवा. जे अन्न आपण स्वतः खाणार नाही ते मोलकरणीला किंवा रस्त्यावरच्या माणसाला देऊ नये, ही गोष्ट लिहावी लागते याचे वाईट वाटते. दान करायचे असेल तर पहिल्या पंगतीबरोबरच ताटे काढून ताजे पाठवावे.

सासूबाईंचा मुद्दा मला टाकाऊ वाटत नाही. त्यांनी चाळीस वर्षे असेच केले, हे तपासून पाहण्यासारखे विधान आहे. त्यांनाच विचारा : पूर्वी नैवेद्य किती वाजता व्हायचा? माझा अंदाज आहे, की दुपारी व्हायचा आणि नैवेद्य निघताच पंगत बसायची. चुलीवरचा गंज उतरला तरी खाली निखारे असायचे, पाने तीस-चाळीस असायची आणि भात दोनदा चढवला जायचा. नैवेद्य संध्याकाळवर गेला तो नोकऱ्यांच्या वेळांमुळे, म्हणजे रीत आपण बदलली आणि स्वयंपाकाची वेळ तेवढी जुनीच ठेवली. “तुमचे चुकले” असे न म्हणता “आई, पूर्वीसारखे चुलीवरून थेट पानात वाढायचे का?” असे विचारले, तर त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतील असे वाटते. पूर्वी कोणालाच काही होत नव्हते हे मात्र मी मान्य करणार नाही. होत होते, त्याला ‘बाधले’, ‘दृष्ट लागली’, ‘पुरण जड पडले’ असे म्हटले जाई आणि ओव्याच्या अर्कावर भागवले जाई. त्यांना पाहुण्यांच्या यादीतल्या गेल्या वर्षीच्या नऊ नावांसमोर पंगत कितवी ते लिहून दाखवा. बाकीचे बोलणे त्या कागदावर सोडा.

एवढे करूनही कोणाला त्रास झालाच तर घोट घोट ओआरएस द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. हे चमचे चहाचे धरावेत. मुलांना आपल्या मनाने उलटी-जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत. शौचात रक्त, जोराचा ताप, पाणीही पोटात न ठरणे, लघवी कमी होणे, ग्लानी किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही असेल, किंवा आजारी व्यक्ती लहान बाळ, गरोदर स्त्री अथवा सासऱ्यांसारखी वृद्ध मधुमेही असेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. प्रत्येक पदार्थाचा एक-एक वाटीभर नमुना स्वच्छ डब्यांत भरून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. मोठे स्वयंपाकी तसे करतात, आणि गेल्या वर्षी तो असता तर बासुंदीवर बालंट आले नसते. बऱ्याच जणांना त्रास झाल्यास अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ या विनाशुल्क क्रमांकावर कळवता येते.

भगरीचा प्रश्न वेगळा आहे, तिथे दोष साठवणीचा असतो. पावसाळी दमट हवेत भगरीला ‘अ‍ॅस्परजिलस’ जातीची बुरशी धरते आणि तिची विषे शिजवल्यावर जातील याचा भरवसा नसतो. मळमळ, उलट्या, चक्कर, अंगाला कंप असा त्रास त्यातून होतो. दळून ठेवलेल्या पिठाला ओल लवकर धरते, म्हणून सुटे भगरीचे पीठ अजिबात घेऊ नका. तारीख पाहून पाकिटातली भगर घ्या, निवडा, धुऊन उन्हात कडकडीत वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. गेल्या एकादशीची उरलेली भगर डब्यात असेल आणि तिला किंचितही कुबट वास असेल, तर ती पाखरांनाही न घालता टाकून द्या.